प्रकल्प नोंदी : बोरमाळ सोडवणे

शनिवार, ७ जून २०२५

वही कारखान्यातली आहे. जुनी प्रॉडक्शन रिपोर्टची, निम्मी कोरी होती, सुपरवायझरांना विचारून घरी आणली. रकाने छापलेलेच: तारीख, शिफ्ट, टार्गेट, झालेलं काम, रिजेक्शन, कारण. ‘शिफ्ट’ खोडून ‘आठवडा’ लिहिलं, बाकी सगळं तसंच चालतंय.

काम काय ते आधी लिहून ठेवतो. १० फेब्रुवारीला हिची बोरमाळ सोसायटीत तारण ठेवली. आईच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं. १८,००० उचलले, वर्षाला १२ टक्के, म्हणजे महिन्याला शंभरी एक रुपया. माळेचं एकूण वजन ७.२०० ग्रॅम भरलं. पण बोरमाळेचे मणी आतून पोकळ, लाखेनं भरलेले. सोसायटीच्या सराफानं लाख वजा करून सोनं ४.१०० धरलं. सोळा वर्षं ती सात ग्रॅमची माळ म्हणून गळ्यात घालत होती. काउंटरवर काही बोलली नाही, रिक्षात बसल्यावर म्हणाली, “म्हणजे मी तीन ग्रॅम लाखच मिरवत होते की वो.”

यंदा धनत्रयोदशी १८ ऑक्टोबरला आहे, तोही शनिवारच. आजचा धरून तोवर २० शनिवार. मुद्दल अठरा, तोवरचं व्याज दीड हजाराच्या आत. साडेएकोणीस होतात, वीस धरू. वीस शनिवार, शनिवारी हजार. हिशोब इतका गोल आला की मलाच संशय आला.

आवक: माझा पगार महिन्याच्या ७ तारखेला. हिचं फॉल-पिको आणि ब्लाउज, ते येईल तसं. सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे महिन्याला २,००० हिच्या खात्यावर जमा होतात, पण त्यांना महिन्यातली ठरलेली तारीख नसते, म्हणून टार्गेटात धरलेले नाहीत. ते आईच्या थेंबांना आणि गॅसला.

तपासणीची पद्धत: आमच्याकडं बेळगावच्या उद्यमबागेत बोअर, म्हणजे पार्टातलं भोक, तपासायला गो-नो-गो गेज असतं. एक टोक आत गेलं पाहिजे, दुसरं जाता कामा नये. माप नेमकं किती, हे कोणी विचारत नाही. पास किंवा फेल. तसंच इथं. शनिवारी रात्री बाजार करून आल्यावर शेवयांच्या रिकाम्या डब्यात हजार पडले तर पास.

आज पगार झाला. १,०००. पास.

शनिवार, १४ जून

१,०००. पास. पाऊस.

शनिवार, २१ जून

४००. फेल.

कारण: पोरीचा रेनकोट, नववीच्या वह्या, एक कंपासपेटी. शाळा मेअखेरीलाच सुरू झाली, पण शाळेचा खर्च काही एका दिवसात संपत नाही, तो जूनभर पाझरत राहतो. ‘कारण’ हा रकाना अर्धा इंच रुंद आहे. कारखान्यात त्यात ‘टूल ब्रेक’ नाहीतर ‘लाईट गेली’ एवढंच लिहायचं असतं.

शनिवार, २८ जून

शून्य. गाडीची चेन आणि स्प्रॉकेट. दोन आठवडे करकर ऐकून न ऐकल्यासारखं केलं, बुधवारी तिसऱ्या रेल्वे गेटाजवळ चेन उतरली. १,६५० गेले.

आई म्हणाली, “आरं, डब्यात नाही टाकलंस तर वहीत तरी का लिहितोस?” नियम म्हणजे नियम. शून्यसुद्धा लिहायचा.

शनिवार, ५ जुलै

३५०. उद्या आषाढी. एकादशी दुप्पट खाशी म्हणतात ते आमच्या घरात खर्चालाही लागू आहे: साबुदाणा, शेंगदाणे, वरी, खजूर, केळी. उपवास तिघांचा, फराळ चौघांचा.

पाच आठवड्यांत दोन पास. कारखान्यात असं झालं असतं तर मशिन थांबवून सेटिंग बघितलं असतं.

बाजूला एक दुसरी नोंद सुरू करतो, मीटरची. गृहज्योतीत, म्हणजे सरकारच्या मोफत विजेच्या योजनेत, आमची २०२२-२३ सालची सरासरी महिना ७४ युनिट धरलेली आहे. त्यावर दहा टक्के, म्हणजे ८१ युनिटपर्यंत शून्य बिल. ८१ च्या वर गेलं तर वरच्या युनिटांचे पैसे, आणि २०० च्या वर गेलं तर सगळंच बिल अंगावर. बिल कानडीत येतं, पोरगी वाचून दाखवते. म्हटलं, आठवड्याला १९ युनिट धरून दर शनिवारी मीटर वाचू. पैशांचं जमेना तर निदान युनिटांचं तरी जमतंय का बघू.

शनिवार, १२ जुलै

१,०००. पास, पगाराचा आठवडा. मीटर: २२ युनिट. पावसात कपडे वाळत नाहीत, गिऱ्हाइकाचा ब्लाउज ओलसर देता येत नाही, म्हणून इस्त्री दिवसभर चालू.

गुरुवार, १७ जुलै

मधल्या वारी नोंद करायची नाही असं ठरलं होतं, पण करावी लागतेय. सिलिंडर आला तेव्हा घरात सुटे नव्हते. डब्यातून ८७० काढले. ‘परत टाकू’ असं मीच म्हणालो. पोरीनं ‘रिजेक्शन’च्या रकान्यात पेन्सिलीनं ८७० लिहिलं आणि माझ्याकडं बघितलं.

शनिवार, १९ जुलै

५००. फेल. आणि परवाचे ८७० परत पडले नाहीत. डबा मोजला: ४,२५० टाकलेत, ३,३८० आहेत.

संध्याकाळी शेजारचे मागवाले मामा आले. वडगावात आमच्या गल्लीत अजून चार-पाच घरांत माग चालू आहेत. शनिवारी दुपारनंतर खडखड थांबते, कारण आठवड्यात किती साड्या उतरल्या ते मोजून मालकाकडून हिशोब घ्यायचा असतो. मामांनी चहा घेता घेता वही चाळली. मला वाटलं कौतुक करतील.

“हे शनवारी का धरलाय?”

म्हटलं, बाजार शनिवारी. आठवडा शनिवारी संपतो.

“आमचा संपतोय शनवारी,” मामा म्हणाले. “आम्हाला पैसे शनवारी मिळतेत म्हणून. तुमचा आठवडा महिन्यातनं एकदाच येतोय की, सात तारखेला. बाकीचे तीन आठवडे तुम्ही त्याच्यावरच जगूलालाय. मग आमचं माप तुम्ही कशाला घेऊलालाय?”

मी पुढची तीन मिनिटं काही बोललो नाही. पास झालेल्या तिन्ही तारखा वहीत बघितल्या: ७ जून, १४ जून, १२ जुलै. तिन्ही पगाराला लागून. बाकीचे सगळे फेल पगाराच्या लांबचे. टूल चांगलं, ऑपरेटर ठीक, पण गेजच दुसऱ्या जॉबचं.

आणि दुसरं, जे ही कधीपासून सांगत होती आणि मी ऐकून घेत होतो, ऐकत नव्हतो: बाजार करून आल्यावर उरलेलं टाकतो, म्हणून उरतच नाही. पोरगी मध्येच म्हणाली, कानडीत बचतीला ‘उळिताय’ म्हणतात, आणि ‘उळी’ म्हणजे उरणं. मामा हसले. “मग सरकारनं पण तेच धरलंय म्हणा की, उरलं तर ठेवा.”

सोमवार, २१ जुलै

अर्धा दिवस रजा टाकून सोसायटीत गेलो. डब्यातले ३,३०० घेतले. ८० डब्यात ठेवले, ही म्हणाली डबा पूर्ण रिकामा करू नये.

विचारलं, तारण कर्जात मधेच थोडे थोडे भरले तर चालतात का? चालतात. पाच महिने हा प्रश्न विचारायचं डोक्यात आलं नव्हतं. मी आपलं धरून चाललो होतो की अख्खी रक्कम घेऊन जायची आणि माळ घेऊन यायची. क्लार्क बाईंनी पावती फाडली:

जमा ३,३००. व्याज (१६१ दिवस) ९५३. मुद्दल २,३४७. बाकी १५,६५३.

पहिल्यांदा व्याज कापतात, मग मुद्दल. ९५३ हा आकडा बघून पोटात खड्डा पडला. दोन आठवड्यांची बचत नुसती सरलेल्या दिवसांच्या भाड्याला गेली. पण बाईंनी समजावलं, पुढच्या वेळी व्याज आजच्या बाकीवर आणि आजपासूनच्या दिवसांचंच लागणार. आठवड्यानं आलात तर पस्तीसेक रुपये.

घरी येऊन नवं सेटिंग लिहिलं.

एक. डबा बंद. दर सोमवारी थेट कर्ज खात्यावर. हिची गिऱ्हाइकं रविवारी कपडे न्यायला येतात, पैसे सोमवारी सकाळी हातात असतात. सोसायटीतही हीच जाईल, तिला शहापूरला सुतासाठी जायचं असतंच आणि बसला बायकांना शून्य तिकीट.

दोन. सगळ्या आठवड्यांना एकच टार्गेट नाही. पगाराच्या आठवड्याला २,५००, त्यापुढच्याला १,०००, मग ७००, मग ५००. महिन्याला ४,७००. १३ ऑक्टोबरपर्यंत एवढं सगळं जमलं तरी दोनेक हजार कमी पडतात. ते दिवाळीच्या ब्लाउजांवर सोडले.

तीन. गेज बंद, आता व्हर्निअर. पास-फेल लिहायचं नाही, माप लिहायचं.

शुक्रवार, २५ जुलै

पिग्मीवाले काका आले होते. गल्लीत रोज येतात, चहा कधी घेतात कधी नाही. त्यांचं म्हणणं, रोज शंभर माझ्याकडं टाका, आठवड्याला सहाशे सुटतील, कळणारसुद्धा नाही. पिग्मी ही कर्नाटकातलीच चीज, उडुपीच्या सिंडिकेट बँकेनं १९२८ साली दिवसाला दोन आण्यांपासून सुरू केलेली, आणि दारात येऊन पैसे नेणारा माणूस ही तिची खरी ताकद. मला पटतं. पण काकांच्याकडं ३ टक्के मिळणार, वर्षाच्या आत मोडली तर कमिशन कापणार, आणि तिकडं मी १२ भरतोय. काकांना तसं सांगितलं. “खरं हाय,” म्हणाले, “माळ सुटली की मग या.” माणूस सज्जन.

पोस्टातली आरडीसुद्धा बघितली होती, पण ती पाच वर्षांची. दिवाळीला काय उपयोग?

आजपासून श्रावण. मटणवाल्याची आणि आमची महिनाभर गाठ नाही. काल गटारीला मात्र पडायची ती गाठ पडली, त्याची नोंद करत नाही.

सोमवार, २८ जुलै

७००. व्याज ३६. बाकी १४,९८९.

उद्या नागपंचमी. ही पोरीला घेऊन माहेरी गेली, चंदगड तालुक्यात. वडगावातून बेळगाव स्टँड, तिथून बाची, इथपर्यंत कर्नाटकाची बस, शून्य तिकीट. बाची संपली की शिनोळी, म्हणजे महाराष्ट्र. तिथून पुढं एसटी, बायकांना अर्धं तिकीट. वाटेत जमिनीवर रेघ वगैरे काही दिसत नाही, दुकानांच्या पाट्यांची भाषा बदलते तेवढंच. तिच्या वहिनीला लाडकी बहीणचे १,५०० मिळतात, हिला गृहलक्ष्मीचे २,०००. अलीकडं लक्ष्मी, पलीकडं बहीण. दोघींचा दरवर्षीचा वाद: कोणाचं सरकार चांगलं. मेव्हणे यात पडत नाहीत, ते फक्त बेळगावला आले की गाडीची टाकी भरून नेतात, पेट्रोल इकडं स्वस्त म्हणून.

सोमवार, ४ ऑगस्ट

५००. व्याज ३४. बाकी १४,५२३.

जुलैचं वीज बिल आलं: ८६ युनिट. वरच्या पाचाचे पैसे भरावे लागले. रक्कम किरकोळ, पण इस्त्रीवाल्या बाईंना बोलणं बसलं. बोललो मी, आणि नंतर दोन दिवस माझे शर्ट इस्त्रीविना गेले.

सोमवार, ११ ऑगस्ट

२,५००. व्याज ३३. बाकी १२,०५६.

पगार गुरुवारी झाला. तीन दिवस अडीच हजार घरात होते. शनिवारी राखी, बहीण आली, ओवाळणी घातली, बाजार झाला, आणि तरी सोमवारी अडीच हजार शाबूत. कारण ही ते माझ्या हातात देतच नव्हती. पगार झाल्या झाल्या ब्लाउजच्या कापडात गुंडाळून मशिनच्या खणात ठेवले होते, वर गिऱ्हाइकाच्या नावाची चिठ्ठी. मला वाटलं शिवायला आलेलं कापड आहे.

सोमवार, १८ ऑगस्ट

१,४००. व्याज २८. बाकी १०,६८४. टार्गेट हजार होतं, चारशे जास्त. गौरीसाठी ब्लाउज शिवायला झुंबड आहे. रात्री अकरापर्यंत मशिन. इस्त्रीबद्दल कोणी काही बोलत नाही.

सोमवार, २५ ऑगस्ट

शून्य. बुधवारी गणपती.

सोमवार, १ सप्टेंबर

शून्य. आज गौरीपूजन. गौरीला सगळे दागिने घालतात, मुखवट्याला नथ, गळ्यात पुतळ्या, कोल्हापुरी साज. आमच्या गौरीच्या गळ्यात यंदा बोरमाळ नाही. शेजारची मामी म्हणाली, “का गं, यंदा माळ नाही घातलीस?” ही म्हणाली, “गाठवायला टाकलीया.” मी आतल्या खोलीत होतो. बाहेर यायला थोडा वेळ लावला.

यापेक्षा जास्त आज लिहीत नाही.

सोमवार, ८ सप्टेंबर

१,८००. तीन आठवड्यांचं व्याज ७४. बाकी ८,९५८.

घरचा गणपती गौरीबरोबर गेला. सार्वजनिक मिरवणूक शनिवारी रात्री सुरू होऊन काल उजाडल्यावरही कपिलेश्वर तलावाकडं चाललीच होती. पगाराच्या आठवड्याला २,५०० हवे होते, सातशे कमी. गणपतीची उधारी वाण्याला द्यायची होती. जुन्या पद्धतीनं हे लागोपाठ दोन फेल झाले असते, आणि मी वही बंद करून माळ्यावर टाकली असती. आता कर्ज निम्म्याखाली आलेलं दिसतं. बघायचा आकडा बदलला, एवढंच.

पोरीनं शेवटच्या पानावर आलेख काढलाय. सुरुवातीला सपाट, २१ जुलैनंतर पायऱ्या. गणपतीत एक लांब पायरी, तिथं तिनं उंदीर काढलाय.

सोमवार, १५ सप्टेंबर

१,०००. व्याज २१. बाकी ७,९७९. मीटर: १७. पाऊस कमी झाला.

सोमवार, २२ सप्टेंबर

९००. व्याज १८. बाकी ७,०९७.

घटस्थापना. पहाटे दुर्गामाता दौड गल्लीवरून गेली, सगळी पोरं पांढरे कपडे, डोक्याला फेटे, दारोदारी रांगोळ्या. आजपासूनच जीएसटीचे नवे दर लागू. साबण, टूथपेस्ट, डोक्याचं तेल १८ वरून ५ वर आलं. वाणी म्हणाला, जुना माल आहे, छापील किमतीला नवा दर लागायला दोन दिवस लागतील. 

बुधवार, २४ सप्टेंबर

वाण्याकडं परत गेलो. आमच्या महिन्याच्या यादीत साठ-बासष्ट रुपयांचा फरक पडला. पेपरात दर कमी झाल्याच्या पानपानभर जाहिराती होत्या, त्यामानानं बासष्ट कमी वाटले. तरी घेतले. बाजारात रताळी आलीत, आपल्याच पश्चिम भागातली, लाल सालीची, माती लागलेली. आईला उपवास, तिच्यासाठी दोन किलो.

सोमवार, २९ सप्टेंबर

६००. व्याज १६. बाकी ६,५१३.

गुरुवार, २ ऑक्टोबर

दसरा. काल खंडेनवमीला मशिनं धुऊन पुसून पुजली, माझ्या लेथला झेंडूची माळ, व्हर्निअरलासुद्धा कुंकू. कारखान्यानं कुंद्याचा पाव किलोचा डबा दिला.

संध्याकाळी आपट्याची पानं वाटताना ही माझ्या हातात पान ठेवून म्हणाली, “हे घ्या सोनं. हे तारण ठेवू नका.”

सोमवार, ६ ऑक्टोबर

५००. व्याज १५. बाकी ६,०२८.

पोरगी घरीच आहे. राज्यभर सर्वेक्षण चालू आहे, मास्तर लोक घरोघरी फिरताहेत, त्यामुळं दसऱ्याची सुट्टी लांबणार अशी बातमी आहे. तिनं हिशोब करून सांगितलं: डब्यातच टाकत राहिलो असतो आणि १८ तारखेला एकदम भरले असते तर व्याज १,४८० झालं असतं. असं भरल्यामुळं ते साडेबाराशेच्या आत राहील. म्हणजे आपण वाचवले सव्वादोनशे-अडीचशे. मी म्हटलं, एवढेच? अर्धा किलो मटणसुद्धा येत नाही. ती म्हणाली, “पप्पा, पण डब्यातले सिलिंडरला गेले असते ते धरा की.” ते धरायला वहीत रकाना नाही.

सोमवार, १३ ऑक्टोबर

३,०००. व्याज १४. बाकी ३,०४२.

पगार आणि दिवाळीचे ब्लाउज मिळून. ही तीन आठवडे नीट झोपलेली नाही, माळ सोडवायची म्हणून स्वतःच मशिनला जुंपून घेतलंय. हे आधी लिहायला हवं होतं. वहीत ‘झालेलं काम’ या रकान्यात आठवड्याची एक रक्कम असते, कोणाचे हात किती लागले ते त्यात दिसत नाही. आज पहिल्यांदा फोडून बघितलं: २१ जुलैनंतर भरलेल्या १२,९०० पैकी माझ्या पगारातले ६,६००, हिच्या शिवणाचे ६,३००. जूनमध्ये ‘आवक’ लिहिताना मी तिचं काम ‘येईल तसं’ म्हणून एका ओळीत उरकलं होतं.

शनिवार, १८ ऑक्टोबर

धनत्रयोदशी. काल बोनस झाला. सकाळी दोघं गेलो. ३,०४२ आणि पाच दिवसांचं व्याज ५. भरले ३,०४७. खाते बंद असा शिक्का.

एकूण भरणा १९,२४७. त्यात व्याज १,२४७. गेजनं मोजलं असतं तर २० पैकी ८ पास, शेवटचा बोनसचा धरत नाही.

माळ मिळाली नाही.

दागिने मुख्य शाखेच्या तिजोरीत असतात, दोन दिवस आधी अर्ज द्यावा लागतो. हे फेब्रुवारीतल्या कागदावर छापलेलं आहे, बारीक अक्षरात, मीच सही केलेली. उद्या रविवार, सोमवारपासून गुरुवारपर्यंत दिवाळीची सुट्टी. शुक्रवारी या. क्लार्क बाईंना वाईट वाटलं, पण किल्ली त्यांच्याकडं नाही. बाहेर सराफांच्या दुकानांत ही गर्दी. सोनं तोळ्याला सव्वा लाखाच्या वर, जूनमध्ये लाखाच्या आसपास होतं. ही म्हणाली, “बरं झालं, आपली चार ग्रॅम तिजोरीतच वाढली.” मग बराच वेळ काही बोलली नाही. परतताना तिचं शून्य तिकीट, माझं पैशाचं.

मंगळवार, २१ ऑक्टोबर

लक्ष्मीपूजन. दुकानदार चोपड्या पुजतात. आमच्या पाटावर कारखान्याची रिपोर्ट वही, त्यात खाते बंदची पावती. आईनं वहीला हळदकुंकू लावलं, ते रिजेक्शनच्या रकान्यावर सांडलं.

शुक्रवार, २४ ऑक्टोबर

माळ घरी आली.

सराफानं लखोटा फोडला, परत वजन केलं, ७.२००. हिनं काउंटरवरच मणी मोजायला घेतले. मागं रांग होती, कोणीतरी “मावशी, आवरा की” म्हणालं, तिनं ऐकलं नाही. नखानं एकेक मणी सरकवत मोजले, ३९. एका मण्याला चपटा खळगा आहे, तो आधीपासूनचा, पोरगी लहान असताना तिनं दातांनी चावला होता तिथं. तो सापडल्यावर तिनं मोजणं थांबवलं.

घरी येऊन गळ्यात घालायला गेली तर मागचा गोंडा हातात आला. आठ महिने घडी पडून दोरा एका जागी कुजला होता. मणी सांडले नाहीत, तिनं मुठीत धरले. संध्याकाळी पटवेकऱ्याकडं दिली. लाल रेशमात नव्यानं ओवून देतो म्हणाला, १५० रुपये, सोमवारी या.

म्हणजे गौरीच्या वेळी ती मामीला जे म्हणाली, ते आज खरं झालं. पोरीनं विचारलं, १५० कुठल्या रकान्यात लिहू? मी म्हटलं, तूच ठरव. तिनं ‘शिफ्ट’ खोडलेल्या जागेवर ‘रिवर्क’ लिहिलं आणि पुढं १५०.